मिश्र ‘समजा-कथा’संग्रह पहिल्यांदा हातात घेताना

असा पहिला संग्रह मी कादंबरीसारखा वाचला. एका रात्रीत, सलग. पहिल्या कथेत अंतराळयान होतं, दुसरीत विहिरीतलं भूत, तिसरीत माणसं एकमेकांना स्वप्नं विकत होती. चौथीत एक म्हातारा आणि त्याची नात. यान-भूत-स्वप्नं यांनी डोकं इतकं भरलेलं, की हा म्हातारा यंत्रमानव असणार असं धरून मी कथाभर त्याच्यावर पाळत ठेवली. तो साधा म्हातारा निघाला. सकाळपर्यंत बाराच्या बारा कथांचा एकच गुंता झाला होता. ‘हे आपलं काम नाही’ म्हणून पुस्तक ठेवून दिलं आणि दोन वर्षं त्या वाटेला गेलो नाही.

पुस्तक चांगलं होतं, माझी वाचायची रीत चुकली होती. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

आधी नावाचा घोळ मिटवू. विज्ञानकथा, फँटसी, भयकथा, पर्यायी इतिहास अशा ‘समजा असं असतं तर’ या पायावर उभ्या असलेल्या सगळ्या कथांना मिळून स्पेक्युलेटिव्ह फिक्शन म्हणतात. अमेरिकन विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ च्या एका लेखात हा शब्द वापरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विज्ञानकथाच होती. भुतं आणि चेटकिणी त्या छत्रीखाली पुढे शिरल्या. बोलताना एवढा लांब शब्द कोण वापरणार? मी त्यांना समजा-कथा म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

कादंबरी एकदा जग उभं करते आणि मग तीनचारशे पानं तुम्हाला त्यात निवांत राहू देते. मिश्र संग्रह दर पंधरावीस पानांनी ते जग मोडतो आणि नवं मांडतो. दमणूक होते ती यानेच, आणि एकदा सवय लागली की चटकही याचीच लागते.

लागणारं साहित्य

- दहा ते पंधरा कथांचा एक संग्रह. पहिल्याच खेपेला सहाशे पानांचा ठोकळा नको.
- पेन्सिल. पेन नको, मतं बदलतात.
- पोस्टकार्डाएवढं एक कोरं कार्ड. खूण म्हणून आणि नोंदींसाठी, दोन्हीला तेच.
- दर बैठकीला अर्धा ते एक तास, फोन दुसऱ्या खोलीत.

ई-पुस्तक असेल तर अनुक्रमणिकेतून प्रत्येक कथा कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कार्डावर उतरवून घ्या. पडद्यावर पुस्तकाचे टक्के दिसतात, कथेचे दिसतातच असं नाही. कथा संपत आली आहे की आत्ता कुठे रंगात येतेय, हे हातातल्या पानांच्या जाडीवरून कळतं तसं तिथे कळत नाही. मी एकदा शेवटाला मध्य समजून पान उलटलं तर पुढची कथा सुरू! शेवटाचा सगळा ठसका गेला.

१. संग्रह कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

वाचायचा क्रम यावर ठरतो, म्हणून हे आधी. ढोबळ मानाने चार प्रकार:

*एका लेखकाचा, सुट्या कथांचा.* जगं वेगळी, पण आवाज एकच. नवख्यासाठी हा सगळ्यात सोपा.

*अनेक लेखकांचा, संपादकाने निवडलेला.* इथे आवाजही दर कथेला बदलतो. दमवतो खरा, पण आपल्याला काय आवडतं हे शोधायचं असेल तर याच्यासारखा दुसरा नाही.

*एका विषयावरचा.* सगळ्या कथा चंद्रावरच्या, किंवा सगळ्या घड्याळांच्या. वैविध्य हाताळणीत असतं. सलग वाचला की तोचतोपणा येतो, म्हणून हा सावकाश.

*जोडलेल्या कथांचा.* यात पुन्हा दोन तऱ्हा. एक चौकटीची. वेताळपंचविशीत विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन चालतो आणि त्या चालण्यात पंचवीस गोष्टी बसतात, तशी. दुसरीत आधी सुट्या छापलेल्या कथा मध्ये दुवे घालून एकत्र शिवतात. इंग्रजीत अशा पुस्तकाला फिक्स-अप म्हणतात. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांचं मंगळावरच्या वसाहतीचं १९५० सालचं पुस्तक असंच शिवलेलं आहे. हा चौथा प्रकार हातात असेल तर खालची तिसरी पायरी सोडून द्या आणि मुकाट्याने पहिल्या पानापासून वाचा.

प्रकार ओळखायला मलपृष्ठावर विसंबू नका, तिथला मजकूर विकण्यासाठी असतो. अनुक्रमणिका बघा, आणि सुरुवातीच्या पानांत कथांच्या पूर्वप्रसिद्धीचा तपशील असेल तर तोही. कुठली कथा कुठल्या साली, कुठल्या अंकात आली हे तिथे कळतं. चाळीस वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन कथा एका पुस्तकात शेजारी बसलेल्या असतात. जुन्या कथेतल्या मंगळावर कालवे दिसले तर लेखकाला हसण्याआधी साल बघा.

सापळा: नावाजलेल्या लेखकांच्या त्याच त्या कथा पाच संग्रहांत फिरत असतात. कधी एकच संग्रह दोन देशांत दोन नावांनी निघतो. विकत घेण्याआधी अनुक्रमणिका ताडून बघा. इंग्रजी कथांसाठी इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे कथेचं नाव टाकलं की ती कुठेकुठे छापली गेली ते दिसतं. मी हे शिकलो तोवर माझ्याकडे एकच कथा तीन मुखपृष्ठांखाली जमा झाली होती.

२. प्रस्तावना आत्ता नको

संपादक बिचारा प्रेमाने लिहितो आणि प्रेमाच्या भरात शेवट सांगून टाकतो. ती शेवटी वाचा. कथेआधीच्या तिरप्या टायपातल्या चार ओळीही झाकून पुढे जा. लेखक कोण, त्याला किती पारितोषिकं, हे कळलं की आपण कथा वाचायच्या आधीच मान डोलवायला लागतो.

नाव झाकण्याचा मोठा दाखला आपल्याच घरात आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा आली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की आद्याक्षरं उलटी वाचली की ती जयंत विष्णु नारळीकरांची होतात. परीक्षकांनी ती कथा नाव न बघता तोलली. तुम्हीही तशीच तोला.

३. लांबी बघून क्रम लावा

सगळ्या कथा सारख्या लांबीच्या नसतात आणि सारख्या दमाने वाचायच्याही नसतात. विज्ञानकथा आणि फँटसीसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारात ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, तिथपासून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट आणि त्यापुढे ४०,००० पर्यंत नॉव्हेला, असे कप्पे आहेत. हे तिन्ही एकाच संग्रहात भेटू शकतात. पानं मोजा आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक कथेपुढे पेन्सिलने आकडा घाला.

मग माझा क्रम असा: आधी पुस्तकातली पहिली कथा, कारण संपादकाने ती दारात मुद्दाम उभी केलेली असते. मग सगळ्यात छोटी. मग जिचं नाव पुस्तकाला दिलंय ती. तोवर पुस्तकाचा स्वभाव कळतो, पुढे मन म्हणेल तसं. सर्वांत लांब कथा सुटीच्या दिवसासाठी राखून ठेवा. शेवटची मात्र शेवटीच. तिथे काय ठेवायचं याचा विचार झालेला असतो.

काही जण म्हणतात, क्रम मोडणं हा संपादकाचा अपमान आहे. असेल. पण चौथ्या कथेत अडकून पुस्तक कायमचं मिटणं हा जास्त मोठा अपमान, आणि तो मी करून बसलोय.

४. कथेचं पहिलं पान दोनदा वाचा

ही पायरी जमली की बाकीच्यांचं फारसं काही नाही, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

नेहमीच्या कथेत ‘त्याच्या काळजाचं पाणी झालं’ असं वाक्य आलं तर तो घाबरला, एवढंच आपण घेतो. समजा-कथेत थांबावं लागतं. कदाचित खरोखरच पाणी झालं असेल आणि पुढच्या ओळीत कुणीतरी ते भांड्यात धरत असेल. अमेरिकन लेखक आणि समीक्षक सॅम्युअल डिलेनी यांनी हा मुद्दा फार नेमका मांडला आहे: या प्रकारात तेच शब्द वेगळ्या तऱ्हेने वाचावे लागतात, कारण इथे अलंकार शब्दशः खरा असू शकतो. वाक्प्रचार आहे की घटना, हे पहिल्या पानावर पक्कं ठरत नाही. ते न ठरवता पुढे जाता येणं हेच सगळं कसब.

एक उदाहरण इथेच रचतो. समजा कथा अशी सुरू झाली:

*आईने सगळ्यांच्या सावल्या दोरीवर वाळत घातल्या. दोन चिमटे कमी पडले, ते शेजारच्या काकूंकडून मागून आणले.*

नवखा वाचक लगेच विचारतो, ‘सावली म्हणजे काय? प्रतिष्ठा? भूतकाळ?’ थोडं थांबा. आधी नुसतं बघा. सावली अंगावेगळी होते आणि धुता येते. चिमटे लागतात, म्हणजे ती वाऱ्याने उडते. काकूंनी चिमटे दिले आणि काही विचारलं नाही, म्हणजे हा एका घराचा चमत्कार नव्हे, सगळ्या आळीत हेच चालतं. दोन वाक्यांत एवढे नियम मिळाले, आणि लेखकाने एकही समजावून सांगितलेला नाही. समजा-कथेत नवल कशाचं वाटतंय यापेक्षा कुणाला वाटत नाही ते बघा. जगाचा पत्ता तिथे लागतो.

आता तिसरं वाक्य. ते असं असू शकतं:

*हल्लीच्या सावल्या दोन धुण्यांत विटतात, जुन्या कारखान्याचा माल बरा होता.*

इथे सावल्या कुणीतरी बनवतं आणि कुणीतरी विकतं. म्हणजे कुणाला तरी परवडतही नसणार. विज्ञानकथेच्या अंगाने कथा निघाली. आता ‘हे कसं चालतं आणि कुणाला महाग पडतं’ असे प्रश्न विचारत वाचा.

किंवा असं:

*आजोबांची सावली मात्र भिजलीच नाही. ती त्यांनी कधीच नदीला देऊन टाकली होती.*

ही फँटसी. इथे ‘कसं’ विचाराल तर कथा तोंड फिरवेल. ‘काय ठरलं होतं, आणि वचन मोडलं तर?’ हा इथला प्रश्न.

किंवा असं:

*घरात आम्ही चौघं. दोरीवर पाच होत्या.*

इथे काहीच विचारू नका, दिवा लावून ठेवा.

दोरी तीच, चिमटे तेच, आईसुद्धा तीच. एका वाक्याने कथेने कूस बदलली. मिश्र संग्रहाची मोहिनी मला विचाराल तर ती इथे आहे. एकाच प्रकारच्या संग्रहात हे तिसरं वाक्य कुठल्या घरचं असणार हे मुखपृष्ठावरच ठरलेलं असतं. इथे पहिल्या पानावर उभं असताना ते तुम्हाला माहीत नसतं, आणि दर वीस पानांनी तुम्ही नव्याने अनभिज्ञ होता. मोठ्या वयात असा अनुभव फारसा कुठे मिळत नाही.

सापळा: मागच्या कथेचे नियम पुढे ओढून नेणं. माझ्या यंत्रमानव-म्हाताऱ्याचं झालं ते हेच. पहिलं पान दोनदा वाचायचं ते यासाठी: पहिल्या वाचनात जुने नियम गळतात, दुसऱ्यात नवे दिसतात.

५. एका बैठकीत एकच कथा

एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्येच लिहून ठेवलंय, की कथा एका बैठकीत, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून व्हावी, तरच तिचा एकसंध परिणाम होतो. हा सल्ला कथा कशी असावी याबद्दलचा आहे, पण वाचणाऱ्यालाही चपखल बसतो. कथा मध्येच सोडून दुसऱ्या दिवशी उचलू नका, कारण कष्टाने जमवलेले नियम रात्रीत विरून जातात. आणि संपल्यावर लगेच पुढची उघडू नका. भांडी घासा, चक्कर मारा. शेवटच्या वाक्याचा घंटानाद थांबेपर्यंत त्यावर दुसरी घंटा वाजवू नये.

दोन कथा वाचायच्याच असतील तर लांबच्या नात्यातल्या घ्या, एक भयकथा आणि एक विनोदी. सलग दोन भयकथांत दुसरीवर अन्याय होतो.

६. ‘कळली नाही’ आणि ‘आवडली नाही’ वेगळं ठेवा

मिश्र संग्रहात सगळ्याच्या सगळ्या कथा आवडणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. बारांपैकी चार मनात राहिल्या, चार बऱ्या वाटल्या, चार गेल्या, एवढ्यावर मी खूश असतो. ही माझी बेरीज, नियम नव्हे. मात्र गेलेल्या चार का गेल्या हे बघा.

कळली नसेल तर आठवड्याने पहिली तीन पानं पुन्हा वाचा. बहुतेकदा एखादा नियम नजरेतून सुटलेला असतो. कळली आणि आवडली नाही, तर बिनधास्त सोडा. मी चौथ्या हिश्श्यापर्यंत थांबतो. तोवर एकही वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं नाही, तर पुढची.

शेवट उघडा ठेवला म्हणून रागावू नका. वेताळ गोष्ट संपवून प्रश्न टाकतो आणि उत्तर दिलं की झाडावर परत जातो. प्रश्न ही त्या गोष्टीची शेपटी नव्हे, कणा आहे. कित्येक समजा-कथा तशाच घडवलेल्या असतात.

आणखी दोन सवयी मोडायला मला वेळ लागला. एक, विज्ञानातली चूक काढायची खाज. कथेने एक अशक्य गोष्ट मागितली तर द्या. तिने पुढे स्वतःचेच नियम मोडले, तर पकडा. दुसरी, शेवटच्या धक्क्याची वाट बघत राहणं. धक्क्यावर जगणाऱ्या कथा एकदाच वाचून होतात. ज्या मी पुन्हा वाचतो त्यांचा शेवट मला पाठ आहे.

७. कार्डावर तीनच ओळी

सारांश लिहू नका, कंटाळून दुसऱ्या कथेला सोडून द्याल. वर कथेचं नाव, आणि खाली ‘समजा’ काय, किंमत कोण मोजतं, आणि डोळ्यांसमोर काय राहिलं, एवढंच. माझ्या एका कार्डावरची नोंद, कथेचं नाव गाळून:

*समजा: स्वप्नं विकता येतात.*
*किंमत: विकणाऱ्याची बायको, त्याला आता ती स्वप्नात दिसत नाही.*
*राहिलं: पावतीवरचा रकाना, ‘रंगीत / बिनरंगी’.*

दहा कथांनंतर कार्ड उभं वाचा, नुसत्या दुसऱ्या ओळी. माझ्याकडे आवडलेल्या प्रत्येक कथेत किंमत घरातल्याच कुणीतरी मोजली होती. राजे, सेनापती, आकाशगंगांचे युद्धखोर यांच्या कथांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. ‘मला विज्ञानकथा आवडत नाहीत’ हे माझं मत त्या कार्डाने मोडीत काढलं. मला युद्धकथा आवडत नव्हत्या, इतकंच. तुमची ओळ वेगळी निघेल. पुढचा संग्रह तिच्यावरून निवडा, प्रकाराच्या लेबलावरून नव्हे. आवडलेल्या दोन कथांच्या लेखकांचे स्वतंत्र संग्रह शोधा. कथा अनुवादित असेल तर अनुवादकाचं नावही टिपा. चांगला अनुवादक कथाही बहुधा चांगल्याच निवडतो.

८. दुसरा फेरा

महिन्याभराने प्रस्तावना वाचा, आणि शेवटी लेखकाची टिपणं असतील तर तीही. कथा कुठल्या प्रश्नातून सुचली हे आता कळलं तर नुकसान नाही. मग न कळलेल्यांपैकी एक कथा पुन्हा घ्या. एकच.

त्या रात्री सोडलेलं पुस्तक मी दोन वर्षांनी काढलं आणि सरळ चौथी कथा उघडली. एकटीच, मागेपुढे काही न वाचता, पहिलं पान दोनदा. म्हातारा साधाच होता, पूर्वीसारखाच. पण पहिल्याच पानावर तो दाराच्या चौकटीला नातीला टेकवून उभी करतो आणि पेन्सिलने तिची उंची मांडतो. दर वाढदिवसाला एक, अशा सात रेघा. सातही एकावर एक.